नानांनी आखलेला मधुचंद्र

आमच्या लग्नात अंतरपाट नऊ मिनिटं उशिरा दूर झाला. शेवटचं 'सावधान' म्हणून झालं होतं, वाजंत्रीवाल्याने अजून सनई तोंडाला लावली नव्हती, आणि त्या एवढ्याशा शांततेत मांडवातून खणखणीत आवाज आला, "कारण?"

भटजींनी दचकून पाहिलं. तिसऱ्या रांगेत एक उंच, हडकुळे, टोपी घातलेले गृहस्थ मनगटावरचं घड्याळ पुढे धरून उभे होते. "नऊ मिनिटं लेट. कारण सांगा."

भटजी धुळ्याचे, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मुलाकडचं कुणी मोठं माणूस रुसलंय असं समजून ते घाईघाईने म्हणाले, "मुलीच्या मामांची जीप अमळनेरजवळ पंक्चर झाली हो. मामांशिवाय मुलीला बोहल्यावर कसं आणणार?"

"ठीक," असं म्हणून गृहस्थांनी मुठीत उरलेल्या अक्षता आमच्यावर टाकल्या आणि ते खाली बसले. ते रागावलेले नव्हतेच. त्यांना फक्त कारण हवं होतं.

हे आमचे नाना. नात्याचे कुणी नव्हेत. जळगावात आमच्या समोरच्या घरात राहायचे, आणि भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात नोकरीला होते. पाळी असेल तसं सकाळी, दुपारी, कधीही पॅसेंजरने जायचे आणि यायचे. तिथे त्यांच्यापुढे एक भला मोठा आखीव कागद असायचा. त्याला ते चार्ट म्हणत. कडेला एकाखाली एक स्टेशनं, वरच्या अंगाला तास आणि मिनिटं. कानाला फोन लावून बसायचं, कुठली गाडी कुठून किती वाजता गेली हे स्टेशनमास्तरांकडून ऐकायचं आणि रंगीत पेन्सिलीने त्या गाडीची तिरपी रेघ पुढे ओढत न्यायची. गाडी कुठे थांबून राहिली की रेघ आडवी पडायची. रेघ आडवी पडली की नाना फोनमध्ये विचारायचे, "कारण?" तेहेतीस वर्षं हे करून ते निवृत्त झाले. फोन आणि चार्ट भुसावळला राहिले, प्रश्न तेवढा घरी आला.

मग तो गल्लीला पुरला. पेपरवाला सात मिनिटं लेट, कारण? नळाला पाणी वीस मिनिटं लेट, कारण? आमच्या दूधवाल्याने तर धसकाच घेतला होता. तो गल्लीच्या तोंडाशी सायकलवर असतानाच ओरडायचा, "नाना, म्हैसनी लाथ मारी!" म्हणजे नानांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर प्रकरण मिटलेलं असायचं.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे मार्जिन. दहाच्या बसला निघायचं तर नाना नऊला स्टँडवर. सहाच्या सिनेमाला ते इतके आधी जायचे, की तीनच्या खेळाची माणसं बाहेर पडताना त्यांना शेवट सांगून जायची. मला परीक्षेला जाताना आईने दही दिलं, वडिलांनी पेन दिलं, नानांनी खिडकीतून सांगितलं, "मार्जिन ठेव रे." काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, तेव्हा होत्या. त्या आतून हसल्याचा आवाज आला होता. नाना निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा बडोद्याला. नाना एकटेच राहायचे, स्वतःपुरतं रांधायचे आणि संध्याकाळी स्टेशनावर जाऊन एक गाडी आलेली पाहून परत यायचे.

मला नाना फार आवडायचे असं नाही. मी पाटबंधारे खात्यात नुकताच इंजिनियर झालो होतो, आणि त्या वयात माणसाला जरा जास्तच कळत असतं. नाना ही माझ्या दृष्टीने मित्रांना सांगायची गोष्ट होती. त्यातली हमखास हशा मिळवणारी गोष्ट भरताची.

आमच्याकडे थंडी पडली की शेतात भरीत होतं. हिरवीगार मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, मिरच्या मोजायच्या नाहीत, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. एका वर्षी चोपड्याच्या रस्त्याला वडिलांच्या मित्राच्या मळ्यात पन्नासेक माणसांचं भरीत ठरलं आणि नानांनी त्याचा चार्ट केला. विस्तव अमुक वाजता, वांगी अमुक वाजता, ठेचणं, फोडणी, पंगत. लाल रेघ वांग्यांची, निळी भाकरीची. नाना चार्ट घेऊन चुलवणाशी उभे. त्या दिवशी वारा फिरला, काड्या पेटेनात आणि वांगी चाळीस मिनिटं मागे पडली. नानांनी चुलवणापाशी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "कारण?"

म्हातारीने काडीने वांगं उलटलं आणि म्हणाली, "वांगं काय गाडी शे का नाना, टाइमवर येवाले?"

पंगतीत नाना माझ्या शेजारी होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते ताकावर ताक पीत होते. "धूर फार झाला," म्हणाले. वांग्यांचा उशीर जिव्हारी लागला, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं.

तर माझं लग्न. वैशाली धुळ्याची, देवपुरातली. तिचे थोरले काका जर्मनीत डॉक्टर होते. त्यांनी लग्नाचा आहेर म्हणून जे पाठवलं त्याने दोन्ही घरांत खळबळ माजली. दोघांची विमानाची तिकिटं, आणि युरोपात कुठल्याही गाडीत बसून हिंडायचे रेल्वेचे पास. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. आमच्या गल्लीतून तोवर सर्वांत लांब गेलेलं माणूस म्हणजे माझी आत्या. ती काशीला गेली होती, आणि त्याचा मान तिला पंधरा वर्षं पुरला होता. आत्याला सगळे अक्काच म्हणायचे.

"इतली थंडीमा?" अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "आठे काय थंडी कमी शे? तठे जाईसन बरफच पाहाना ना? तो रसवंतीवर बी शे."

आईचं म्हणणं वेगळं. नव्या सुनेची पहिली संक्रांत घरात व्हायला हवी. हलव्याचे दागिने करायला टाकले होते. "चौदा तारखेच्या आत घरात पाहिजे," तिने बजावलं. म्हणजे हाती आठ-दहा दिवस, आणि त्यात शहरं किती बसवायची हे ठरवायचं काम माझं.

काकांनी पासांबरोबर युरोपातल्या सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक पाठवलं होतं. विटेएवढं जाड पुस्तक, अक्षरं मुंगीएवढी. मी ते दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्या दिवशी नाना पायरीवर उभे.

"पुस्तक आलंय म्हणे."

"हो नाना. पण ते इंग्रजी, फ्रेंच, काय काय आहे त्यात."

"वेळा आकड्यात असतात ना?" असं म्हणून पुस्तक काखेत मारून ते गेले, ते आठ दिवस दिसलेच नाहीत. संध्याकाळची स्टेशनाची फेरीसुद्धा बंद. खिडकीत दिवा आणि भिंगाचा गोल तेवढा दिसायचा. दूधवाल्याने त्या आठवड्यात दोनदा उशीर करून पाहिला, कुणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, नाना चार्ट घेऊन आले. आमच्या बैठकीत सतरंजीवर त्यांनी तो पसरला, चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा आणि अक्काचा चष्मा ठेवला. कडेला एकाखाली एक फ्रँकफुर्ट, पॅरिस, लिऑन, जिनिव्हा, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, म्युनिक. वर तारखा आणि तास. मध्ये आमची दोघांची मिळून एकच लाल रेघ, फ्रँकफुर्टहून निघून खाली उतरत जाणारी आणि पुन्हा फ्रँकफुर्टला येणारी. प्रत्येक गाडीपुढे एक मोकळी चौकट, तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'लेट झाल्यास कारण'.

मला मान्य करायला हवं, ते काम देखणं होतं. वडील तर ओणवे होऊन बोटाने रेघेवरून फिरायलाच लागले. मग मी नीट पाहिलं. गाडी बदलायच्या प्रत्येक स्टेशनावर लाल रेघ आडवी पडली होती. कुठे दोन तास, कुठे पावणेतीन, कुठे साडेतीन. मी बेरीज केली. मधुचंद्राचे एकोणीस तास आम्ही फलाटावर बसणार होतो.

"नाना, हे काय?"

"मार्जिन."

"तिथल्या गाड्या वेळेवर असतात नाना. मिनिटाचाही फरक पडत नाही."

"प्रत्येक गाडी वेळेवरच असते," नाना म्हणाले. "लेट होईपर्यंत."

"आणि हे मिलान? चार तास दहा मिनिटं? मी पुस्तकात पाहिलंय, मध्ये व्हेनिसच्या तीन गाड्या आहेत. तुम्ही त्या सोडून चौथीत बसवताय." आणि मी संधी साधली. "कारण?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल टोपीखाली कानावर ठेवली आणि म्हणाले, "मार्जिन."

आता इथे माझी एक अडचण सांगायला हवी. ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. लग्नाला तीन आठवडे झाले होते आणि मला माझ्या बायकोबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. घरात पाहुणे भरलेले. ती पहाटे उठून अक्काबरोबर स्वयंपाकघरात, मी ऑफिसात, संध्याकाळी कुणाकडे तरी जेवण, परत आलो की चुलतबहिणी तिच्याभोवती कोंडाळं करून. मी काही विचारलं तर "हो", "नाही" किंवा "तुम्ही ठरवाल तसं". रागाने नाही, अगदी नम्रपणे. पण मला धडकी भरायला लागली. घरात निदान माणसं होती. परक्या मुलखात ही मुलगी आणि मी, दोघंच, आठ दिवस बोलणार काय? म्हणून मला शहरं जास्त हवी होती. बघायला पुष्कळ असलं म्हणजे बोलायची वेळ येत नाही. फलाटावरचे एकोणीस तास मला परवडणारे नव्हते.

मी माझं वेगळं वेळापत्रक केलं. मार्जिन काढून टाकली. दोन गाड्यांमध्ये कुठे नऊ मिनिटं, कुठे बारा. वाचलेल्या वेळात दोन शहरं वाढवली. नानांना दाखवलं. त्यांनी ते भिंगाखाली धरून पूर्ण वाचलं. एकही चूक काढली नाही. "तुझी यात्रा, तू ठरव," म्हणाले, आणि चार्टची गुंडाळी करून घेऊन गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

निघायच्या दिवशी ते स्टेशनावर आले, अर्थात आमच्या आधी. आईने शेव-चिवड्याचे डबे दिले, अक्काने कळण्याचं पीठ बांधून दिलं, ते तिथे कशावर भाजायचं हे न सांगता. नानांनी गुंडाळी आणली होती. ती त्यांनी मला दिली नाही. वैशालीच्या हातात दिली आणि म्हणाले, "असू दे सामानात. काही भार नाही तिचा."

पॅरिसमध्ये दोन दिवस आम्ही खूप पाहिलं. इमारती, चित्रं, पूल, परत इमारती. मी माहितीपुस्तकातून वाचून दाखवायचो, वैशाली "हो का" म्हणायची. थंडी अशी, की 'हो का'ची वाफ दिसायची. रात्री दमून झोपायचं. माझा बेत बरोबर चालला होता आणि मला काही बरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लिऑनला गाडी बदलायची होती. मध्ये नऊ मिनिटं. आम्ही दोन सुटकेसा, शेवेचा डबा आणि कळण्याचं पीठ घेऊन जिने चढलो, जिने उतरलो, धावलो, आणि खरोखर सहाव्या मिनिटाला जिनिव्हाच्या गाडीसमोर येऊन उभे राहिलो. गाडी उभी होती. फलाट तोच होता. पाटीवर नाव तेच होतं. फक्त डब्याचं दार बंद होतं.

जळगावात गाडीचं दार बंद असतं हे आम्ही कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. दार उघडं असतं, त्यात माणसं लटकलेली असतात, आणि आपण घुसायचं असतं. आम्हाला वाटलं, गार्ड येईल आणि उघडेल. आम्ही शिस्तीत उभे राहिलो. आतली एक बाई काचेतून आमच्याकडे बघून हाताने काहीतरी दाबल्याची खूण करत होती. मी तिला नमस्कार केला. मग बरोबर नवव्या मिनिटाला ती गाडी आमच्या नाकासमोरून, रिकामीच म्हणा ना, निघून गेली. दाराशेजारी एक खटका असतो आणि तो आपणच दाबायचा असतो, हे पुढे एका हमालाने आम्हाला दाखवलं.

मी फलाटावर सुटकेसवर बसलो. लाजेने की थंडीने, कान तापले होते. मी वर पाहिलं तर वैशालीने शालीचा पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मी उठलो. तिने पदर काढला, हात पुढे केला, मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि नानांच्या आवाजात, अगदी हुबेहूब, विचारलं, "कारण?"

त्या परक्या स्टेशनावर आम्ही इतके हसलो, की माणसं वळून बघायला लागली.

मग तिने सामानातून गुंडाळी काढली. नानांच्या चार्टवर लिऑनहून जिनिव्हाला आम्ही ज्या गाडीने जायचं होतं, ती दोन तास चाळीस मिनिटांनी होती. आम्ही बाकावर बसलो, शेवेचा डबा मध्ये ठेवला. आणि वैशाली बोलायला लागली.

ती कॉलेजात खो-खोची कप्तान होती. तिला भौतिकशास्त्र शिकवायचं होतं. अक्काची तिला भीती वाटायची, कारण अक्का पोळी उलटताना तिच्या हाताकडे बघत राहायची. लग्न ठरल्यावर मी पाठवलेल्या पत्राला तिने चार उत्तरं लिहिली होती आणि चारही फाडली होती. घरातल्या सगळ्यांच्या नकला तिला येत होत्या. माझी केली. मी माहितीपुस्तक वाचताना कसा दिसतो, ते मला पहिल्यांदाच कळलं. आणि मीही सांगितलं, की मला तिची धास्ती वाटत होती. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला गप्प मुलगी हवी आहे. पाहायला आलात तेव्हा तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत."

जिनिव्हाची गाडी आली तेव्हा आम्हाला दोघांनाही ती जरा लवकरच आली असं वाटलं. तिथून पुढे मी माझं वेळापत्रक उघडलं नाही. वाढवलेली दोन्ही शहरं राहून गेली. मिलानला चार तास दहा मिनिटं आम्ही बसलो आणि व्हेनिसच्या तीन गाड्या डोळ्यांदेखत सोडल्या. आज मला विचाराल तर व्हेनिसमध्ये पाणी होतं एवढं आठवतं. पण मिलानचा तो बाक कुठल्या खांबाजवळ होता ते मी सांगू शकेन.

तेरा तारखेला रात्री घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी संक्रांत. वैशाली काळी साडी नेसली, हलव्याचे दागिने घातले, आणि दुपारी घरातलं आटोपल्यावर आम्ही दोघं तिळगूळ घेऊन समोर नानांकडे गेलो. पुढे आणखी आठ घरं करायची होती. चार्ट बरोबर नेला होता.

नानांनी तो टेबलावर पसरला, भिंग काढलं. टेबल त्यांनी आधीच रिकामं करून ठेवलं होतं. मला तेव्हा कळलं, की हा माणूस गेले दहा दिवस या कागदाची वाट बघत होता. लिऑनच्या चौकटीत वैशालीने लिहिलं होतं, 'कारण : दार उघडण्याची वाट पाहिली.' नानांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे माझ्या गाडीने गेलात?"

"तिथून पुढे सगळ्या तुमच्याच," मी म्हणालो. "आणि सगळ्या वेळेवर होत्या नाना."

"बठ्ठ्या?"

"बठ्ठ्या. मिनिटाचा फरक नाही."

"म्हणजे मार्जिन वाया गेली," नाना म्हणाले.

"नाही गेली," वैशाली म्हणाली. "आम्ही बोलत बसलो."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "मिलानलासुद्धा?"

"चार तास दहा मिनिटं."

त्यांनी चार्टवरच्या त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कारण विचारलं होतंस."

आणि त्यांनी सांगितलं. काकू धुळ्याजवळच्या खेड्यातल्या. लग्नाचं वऱ्हाड ट्रकने जळगावला गेलं, पण नवरा-नवरी रेल्वेने निघाली, कारण नाना नुकतेच नोकरीला लागले होते आणि नव्या पासाची त्यांना हौस होती. सोबत पाठराखीण म्हणून काकूंची म्हातारी आत्या. धुळ्याहून चाळीसगावला आले. जळगावची गाडी चार तास दहा मिनिटं लेट. इंजिन बिघडलं होतं; कारण त्यांना तेव्हाच कळलं होतं. आत्याबाई बाकावर आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या.

"तिनं मला सगळं सांगितलं त्या बाकावर," नाना म्हणाले. "त्यांच्या गाईचं नाव ढवळी. चौथी पास होती, गणितात पहिली. माहेरच्या विहिरीत ती एकदा पडली होती. पदराला चिंचा बांधून आणल्या होत्या, त्यातल्या मला दिल्या. मग म्हणाली, मीच बोलतेय मघापासून. तुम्हाला काय आवडतं ते तरी सांगा. मी सांगणार, तेवढ्यात घंटा झाली. गाडी आली."

"मग?" वैशालीने विचारलं.

"मग घर आलं. घरात चौदा माणसं. मला पाळी. मी यायचो तेव्हा ती झोपलेली, ती उठायची तेव्हा मी निघालेलो. डबा भरला का, दळण आणलं का, पोराला ताप शे का. एकतीस वर्षं संसार झाला, भांडण म्हणून नाही. पण तसं बसून बोलणं तेवढंच. मला वाटायचं, रिटायर झालो की सांगू. वेळच वेळ." त्यांनी भिंग बाजूला सारलं. "मार्जिन मी फार उशिरा ठेवली."

मला फार वाईट वाटलं. या माणसाच्या गोष्टी सांगून मी किती लोकांना हसवलं होतं, ते सगळं आठवलं. मी उठलो. आठ घरं राहिली होती.

वैशाली उठली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काय आवडतं तुम्हाला नाना?"

हा प्रश्न त्यांना पुन्हा कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नसावं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. फार आठवून, फार जपून ठेवलेली वस्तू काढावी तसं ते म्हणाले, "भरीत."

मग दार बंद आहे ना ते पाहून हळूच म्हणाले, "पण मिरच्या कमी. मला तिखट सोसत नाही. लहानपणापासून नाही सोसत. तिचा हात तिखट होता, घरात सगळ्यांना तसंच लागायचं. एकट्यासाठी वेगळं काय सांगायचं?"

शेतातला धूर आणि ते ताक माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी परत खाली बसलो. आठ घरांपैकी पाच त्या दिवशी राहिली. आईने विचारलं तेव्हा वैशालीने तिला कारण सांगितलं.

पुढच्या रविवारी आमच्या घरी दोन भरतं झाली, एक सगळ्यांचं आणि एक लहान पातेल्यातलं. नानांना बाराची वेळ दिली होती. मी दारातच उभा होतो. ते पाऊण तास आधी आले, आणि मी कारण विचारलं नाही.